राजकीय मत आधी ठरते की भावना? गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या निमित्ताने

मांडवीतीर

गोव्याच्या जनमत कौलाविषयी सध्या वाचत आहे आणि त्यातून पडलेला एक प्रश्न येथे मांडावासा वाटतो. ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६३ च्या अखेरीस झालेल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन होण्याचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाचे नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांनी हा निर्णय विधानसभेतील बहुमताने नव्हे, तर थेट जनतेच्या मताने व्हावा असा आग्रह धरला आणि अखेर केंद्राने तो मान्य केला. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल होती, तर केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्याची खूण दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली.

भाषा, धर्म, जात, जमीन, पोर्तुगीज काळातील अपमान आणि मुक्तीनंतरची अनिश्चितता असे सगळे त्या काळात एकाच वेळी उसळून वर आले होते. भावना प्रबळ झाली की माणूस दुसऱ्याचे ऐकणे बंद करतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. असे असूनही, भावनेने तापलेल्या त्या काही महिन्यांत विलीनीकरणवादी सरकार निवडून देणाऱ्या प्रदेशात विलीनीकरण चौतीस हजारांच्या फरकाने नाकारले गेले. माझा प्रश्न असा की भावना माणसाला खरोखरच बंदिस्त करते का, की काही भावना त्याला दुसरी बाजू ऐकायलाही लावतात? अनुभव, अभ्यास आणि मतभेद यांचे स्वागत आहे.

शंकेखोर

प्रश्न रोचक आहे, परंतु त्यामागची मांडणी मला पटत नाही. पहिली गोष्ट अशी की बहुरंगी लढतीत जागा जिंकणे म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारांचा पाठिंबा मिळवणे नव्हे. त्यामुळे १९६३ मध्ये बहुसंख्य गोमंतकीय विलीनीकरणाच्या बाजूने होते आणि तीन वर्षांत त्यांचे मन पालटले, असा निष्कर्ष निघत नाही. दुसरी गोष्ट, हा सगळा संघर्ष भावनेचा म्हणून रंगवला जातो, पण तो मुख्यतः हितसंबंधांचा होता. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राहणारा मुंडकार आणि ती जमीन कसणारे कूळ यांना बांदोडकरांच्या राजकारणात स्वतःचा फायदा दिसत होता. १९६४ चा कूळ कायदा हे त्याचे ठोस उदाहरण आहे. पोटापाण्याच्या प्रश्नाला भावना म्हटले की तो आपोआप दुय्यम ठरतो.

पेडण्याचे_आजोबा

शंकेखोर, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मी त्या वेळी तरुण होतो आणि फुलाला मत दिले होते. आमच्या पेडण्यात आणि एकूणच नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या तालुक्यांत, फुलाचा जोर होता. फायदा होता हे खरेच, पण आम्ही मतदानाला गेलो तेव्हा कोणाच्याही डोक्यात कायद्याची कलमे नव्हती. भाटकाराच्या अंगणात पायातल्या वहाणा काढून, मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या बापाचा मुलगा त्याच भाटकाराच्या विरोधात उघडपणे मत देऊ शकत होता, यात जे काही होते त्याला तुम्ही हितसंबंध म्हणा, मी त्याला मान म्हणतो. गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघत होत्या. ज्या घरात अक्षरओळख नव्हती तेथील पोर पाटी घेऊन जाताना पाहून आईबापांना काय वाटत असेल, ते पैशांत मांडता येत नाही.

आमचे ऐकणे बंद झाले होते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र होय असेच आहे. दोन पानांवाल्यांची सभा असली की आम्ही जायचो ते गोंधळ घालायला. ते काय बोलतात हे मला पुष्कळ नंतर, मतपेट्या उघडून झाल्यावर कळले.

रेवती_क

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणे अवघड आहे. सर्वप्रथम भावना विरुद्ध विचार ही जोडीच सोडून द्यावी असे मला वाटते. अँटोनियो दमासिओ या चेताशास्त्रज्ञाने अशा रुग्णांचे वर्णन केले आहे, ज्यांच्या मेंदूच्या पुढील भागाला इजा झाल्यामुळे बुद्धी शाबूत राहिली, परंतु भावना बोथट झाली. असे रुग्ण अधिक तर्कशुद्ध निर्णय घेतील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात भेटीची वेळ ठरवण्यासारखा साधा निर्णयही त्यांना घेता येत नसे, कारण कोणता पर्याय अधिक महत्त्वाचा हे आतून सांगणारे काही उरलेलेच नव्हते. आजोबा ज्याला मान म्हणतात, तो नसता तर कूळ कायद्याचे महत्त्वही त्यांना जाणवले नसते.

दुसरा मुद्दा मांडवीतीर यांच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. जॉर्ज मार्कस, रसेल न्यूमन आणि मायकेल मॅक्युएन या राज्यशास्त्रज्ञांनी २००० च्या सुमारास असा सिद्धान्त मांडला की राजकारणात सर्व भावना सारख्या वागत नाहीत. उत्साह असतो तेव्हा माणूस आपल्या जुन्या सवयीने, आपल्या पक्षाच्या बाजूने चालत राहतो. चिंता वाटू लागली की तो थबकतो, आजूबाजूला पाहतो, नवी माहिती शोधतो आणि नेहमीच्या निष्ठेपलीकडे विचार करण्याची शक्यता वाढते. राग मात्र पुष्कळदा उलटे काम करतो. रागावलेल्या माणसाला खात्री वाटत असते आणि ज्याला खात्री आहे तो कशाला विचारायला जाईल? आजोबांनी सभेत घातलेला गोंधळ हे उत्साहाचे आणि रागाचे मिश्रण होते, असे मी आदराने म्हणेन.

गप्पिष्ट_डोंबिवली

म्हणजे निवडणुकीआधी मेहुण्याला थोडे घाबरवून पाहावे लागेल. रागावून पाहण्यात बरीच वर्षे वाया गेली आहेत.

साष्टीकर

रेवती यांचे विवेचन वाचले. चिंतेला इतके चांगले प्रशस्तिपत्र देण्यापूर्वी दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आमच्या बाजूचे चित्रही पाहावे. साष्टीत, म्हणजे मडगावच्या ख्रिस्तीबहुल तालुक्यात, दोन पानांचा प्रचार भीतीवरच उभा होता. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग विलीनीकरण झाले की माडाची सूर काढणारा रेंदेर जगणार कसा? महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातला लहानसा जिल्हा झालो तर आमच्या नोकऱ्या कोणाला मिळणार? कोकणीचे काय होणार आणि चर्चचे काय होणार? यातील काही प्रश्न रास्त होते, तर काही मुद्दाम फुगवलेले होते. माझे वडील सांगत की त्या काळात घाबरलेला माणूस माहिती शोधत असे हे खरे, पण आपली भीती खरी ठरवणारी माहितीच तो शोधत असे. एखादी बातमी भीती वाढवणारी असली की संध्याकाळपर्यंत ती साऱ्या वाड्यात पोचलेली असे आणि भीती कमी करणारी असली की ती सांगणाऱ्यालाच पैसे मिळाले असावेत, असे लोक म्हणत.

तरीही मांडवीतीर यांचा प्रश्न चुकीचा आहे असे मला वाटत नाही, कारण आमच्या बाजूचा विजय केवळ साष्टीतून येणे शक्य नव्हते. ख्रिस्ती लोकसंख्या तेव्हा एक तृतीयांशाहून थोडीच अधिक होती. सर्वच्या सर्व ख्रिस्ती मतदारांनी दोन पानांवर शिक्का मारला असे धरले, तरी चोपन्न टक्क्यांपर्यंत पोचण्यासाठी हिंदू मते मोठ्या संख्येने मिळावी लागतात आणि ती मिळाली. ती कशी मिळाली हे शोधायला हवे.

मांडवीतीर

साष्टीकर, याच्या उत्तराचा एक भाग तुमच्या मडगावातच सापडतो. 'राष्ट्रमत' हे दैनिक विलीनीकरणाच्या विरोधात होते आणि ते मराठीत निघत असे. चंद्रकांत केणी त्याचे संपादक होते आणि उदय भेंब्रे यांचे त्यातील 'ब्रह्मास्त्र' हे सदर विलक्षण वाचले जाई. समोर 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने ठामपणे उभा होता. म्हणजे ज्या वाचकाची मराठीवर माया होती, त्याला महाराष्ट्रात न जाण्याचे कारण मराठीतूनच, आपल्यापैकीच एकाकडून आणि रोमन लिपीतल्या पत्रकातून नव्हे, तर देवनागरीतून ऐकायला मिळत होते. मराठीवर प्रेम असणे आणि मुंबईच्या सचिवालयातून कारभार चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला सांगणारा माणूस परका नव्हता.

शंकेखोर

हे मात्र मान्य करण्याजोगे आहे, कारण यात मन पालटण्याचा चमत्कार नाही. येथे मतदाराची भावना बदललेली नाही, तर एकाच भावनेतून दोन निष्कर्ष निघू शकतात हे कोणीतरी त्याला दाखवले आहे. पण एक आक्षेप उरतोच. मतपत्रिकेवर पर्यायच दोन होते. स्वतंत्र राज्य हा पर्याय नव्हता आणि आहे ते काही काळ तसेच राहू द्या, नंतर ठरवू, हाही नव्हता. गोवा राज्य झाला तो ३० मे १९८७ रोजी, म्हणजे वीस वर्षांनी. मधल्या सर्व छटा काढून टाकून लोकांना दोन टोकांपैकी एक निवडायला लावायचे आणि मग लोक किती भावनिक झाले म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायचे, हा न्याय नव्हे. पुष्कळ वेळा भावना टोकाची नसते, विचारलेला प्रश्न टोकाचा असतो.

सीमावासी

शंकेखोर, तुम्हाला दोन पर्याय कमी वाटतात. आम्हाला एकही मिळाला नाही.

मी बेळगावचा आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो आणि आम्हाला कोणीही विचारले नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार तत्त्वे मान्य करा, एवढीच आमची मागणी राहिली. सेनापती बापटांनी उपोषण केले आणि त्यानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, म्हणजे ज्या वर्षी गोव्यात मतपेट्या ठेवल्या गेल्या त्याच वर्षी. गोव्यातील माणसाला आपला राग कागदावर उमटवून पेटीत टाकता आला. आम्ही तो दर १ नोव्हेंबरला, म्हणजे त्या पुनर्रचनेच्या दिवशी, काळा दिन पाळून व्यक्त करतो. दुसरी बाजू ऐकायची तयारी आमच्यात नाही असे येथे कोणी लिहिण्यापूर्वी, आमची बाजू कोणी आणि कधी मोजून घेतली, याचाही विचार व्हावा.

कारवारी_माणूस

सीमावासी यांच्या वेदनेचा आदर राखून एक अवघड गोष्ट विचारतो. आयोग नेमावा ही मागणी महाराष्ट्राची होती आणि अहवाल नाकारला तोही महाराष्ट्रानेच. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे असे आयोगाने म्हटले म्हणून तो अन्यायकारक ठरला. याच अहवालाने निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे असेही सुचवले होते, पण त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. कर्नाटकात माझे कानडी मित्र आहेत आणि ते हाच प्रश्न मला विचारतात तेव्हा माझ्याकडे जे उत्तर असते ते तर्काचे नसते, निष्ठेचे असते. आपल्या बाजूचा पंच चुकला आणि समोरच्या बाजूचा पंच पक्षपाती होता, असे दोन्हीकडचे लोक सारख्याच प्रामाणिकपणे मानतात, हेच या धाग्याच्या विषयाचे खरे उदाहरण आहे.

सीमावासी

कारवारी_माणूस, निपाणीची आठवण आम्हाला आहे. अहवालाची मूळ तत्त्वेच मान्य नसताना त्यातील सोयीचा भाग स्वीकारायचा, असे केले असते तर आज तुम्हीच आम्हाला संधिसाधू म्हणाला असता. आम्ही ऐकत नाही असे नाही, ऐकून घेतल्यावर नकार देतो.

रेवती_क

हा वाद तोडण्याचा माझा हेतू नाही, परंतु ऐकून घेतल्यावर नकार आणि ऐकण्याआधीच नकार यांतील फरक बाहेरून ओळखणे किती कठीण असते, हे संशोधकांनाही जाणवलेले आहे. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांनी २०१० मध्ये असे निरीक्षण नोंदवले होते की राजकीय गैरसमज पुरावा देऊन दुरुस्त करायला गेले तर काही लोकांचा गैरसमज उलट घट्ट होतो. ही गोष्ट फार लोकप्रिय झाली, कारण ती आपल्या सर्वांना आपल्या विरोधकांविषयी आधीच ठाऊक होती. नंतर टॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी पन्नासहून अधिक विषयांवर तीच गोष्ट तपासली तेव्हा उलटा परिणाम जवळजवळ आढळलाच नाही. पुरावा दिला की सर्वसाधारणपणे लोक ती माहिती स्वीकारतात, मात्र त्यामुळे ते आपला पक्ष किंवा नेता बदलतीलच असे नाही. सीमावासी नेमके हेच सांगत आहेत, असे मला वाटते.

मांडवीतीर यांनी 'राष्ट्रमत'चे जे उदाहरण दिले त्याच्याशी जुळणारे कामही झाले आहे. मॅथ्यू फाइनबर्ग आणि रॉब विलर यांनी अमेरिकेत दाखवून दिले की समोरच्याच्या नैतिक मूल्यांच्या भाषेत युक्तिवाद मांडला तर तो अधिक पटतो आणि तरीही बहुतेक लोक सवयीने स्वतःच्याच मूल्यांच्या भाषेत युक्तिवाद करतात. कोकणीच्या अभिमानाची गोष्ट मराठीप्रेमी घरात सांगून उपयोग नव्हता. तेथे कारभार आपल्या हातात राहील, ही गोष्ट सांगावी लागत होती.

गप्पिष्ट_डोंबिवली

रेवतीताई, हे अमेरिकन अभ्यास आपल्याकडे चालतात का? आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मी मोठ्या काकांच्या मूल्यांच्या भाषेत एक संदेश लिहिला होता. त्यांनी तो आवडला म्हणून अंगठा दिला आणि त्याखाली नेहमीचाच व्हिडिओ पाठवला.

रेवती_क

आपल्याकडे चालतात का हे आपल्याकडे तपासूनच कळेल, त्यामुळे शंका रास्त आहे. गटावरचा संदेश आणि समोरासमोरचे बोलणे यांत मात्र मोठा फरक आहे. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काला यांनी मायामीमध्ये केलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. कार्यकर्ते दारोदार गेले, साधारण दहा मिनिटे बोलले, आणि त्यात त्यांनी आकडेवारी मांडण्याऐवजी घरातल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात इतरांनी त्याला वेगळे म्हणून वागवल्याचा प्रसंग आठवायला सांगितला. पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह त्यामुळे घटला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. यातील गंमत अशी की हेच दोघे त्याआधी २०१५ मध्ये अशाच विषयावरचा दुसऱ्या संशोधकाचा गाजलेला निबंध बनावट आकड्यांवर उभा असल्याचे उघड करणाऱ्यांपैकी होते. तो निबंध मागे घेतला गेला. आपल्याला हवा तसा निष्कर्ष असूनही त्यांनी तो खोडून काढला आणि मग स्वतः तपासल्यावर त्यांना काहीसा तसाच परिणाम आढळला.

साष्टीकर

दहा मिनिटे बोलायला आधी कोणीतरी दार उघडावे लागते. १९६७ मध्ये साष्टीतला माणूस पेडण्यात जाऊन बसत नव्हता आणि पेडण्यातला साष्टीत येत नव्हता. जेथे मिसळ होती, म्हणजे तिसवाडीत आणि बार्देशात, तेथेच मुख्यतः वाद झाले आणि तेथेच मते इकडची तिकडे होऊ शकली. पेडणे आणि साष्टी यांचे निकाल आधीच लिहून ठेवल्यासारखे होते.

पेडण्याचे_आजोबा

साष्टीकर, आधीच लिहून ठेवल्यासारखे होते हे खरे, पण त्यापुढचे तुम्ही सांगितले नाही, म्हणून मी सांगतो. जानेवारीत कौल हरलो. घरात सुतक असल्यासारखी अवकळा होती. त्याच वर्षी मार्चअखेरीस विधानसभेची निवडणूक झाली आणि तीत विलीनीकरणवाद्यांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. तीसपैकी सोळा जागा मिळाल्या आणि भाऊ, म्हणजे बांदोडकर, पुन्हा मुख्यमंत्री झाले. थोडक्यात, जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांपैकी काहींनी मार्चमध्ये सिंहावर, म्हणजे आमच्या पक्षाच्या चिन्हावर, मारला असला पाहिजे. माझा एक फोंड्याचा नातेवाईक त्यांच्यापैकीच होता. मी त्याला रागाने विचारले की तुझे नक्की काय आहे. तो म्हणाला, "मला गोवा वेगळा हवा आणि त्यावर राज्य भाऊंचे हवे." मला तेव्हा तो दुटप्पी वाटला. आज वाटते की आमच्यापैकी खरे तर तोच सर्वांचे ऐकत होता.

शंकेखोर

आजोबांच्या या नातेवाइकाने माझ्या मुद्द्याला पुष्टीच दिली आहे. प्रश्न दोन वेळा, दोन वेगळ्या प्रकारे विचारला गेला म्हणून त्याला दोन उत्तरे देता आली. जानेवारीत त्याला एकच मत होते, तेव्हा तो एका गटात मोजला गेला. मार्चमध्ये त्याला दुसरे मत मिळाले आणि तो दुसऱ्या गटात मोजला गेला. माणूस तोच होता.

मांडवीतीर

होय, आणि माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथेच सापडते आहे असे वाटते. हरलेल्या बाजूला दोन महिन्यांत सत्ता परत मिळाली आणि जिंकलेल्या बाजूला वेगळेपण मिळाले. राग साचून राहायला कोणाकडेच फारसे कारण उरले नाही. बांदोडकरांनी निकाल स्वीकारला आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्याच केंद्रशासित गोव्याचा कारभार केला. पुढे राजभाषेच्या प्रश्नावर १९८६-८७ मध्ये पुन्हा जाळपोळ झाली, माणसे दगावली, तेव्हा जुन्या जखमा पुरत्या भरलेल्या नव्हत्या हेही खरे आहे. पण तोपर्यंत भांडण गोव्याने कोणत्या राज्यात असावे याविषयीचे राहिले नव्हते. त्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी एकमेकांचे ऐकून झाले होते.

सीमावासी

मांडवीतीर, ही मांडणी मी पूर्ण वाचली आणि ती मला पटली. म्हणूनच आमच्याविषयीची माझी निराशा वाढली. तुमच्याकडे प्रश्न विचारला गेला, उत्तर मोजले गेले आणि मग माणसे मोकळी झाली. आमचा दावा महाराष्ट्र सरकारने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. कारवारी_माणूस यांच्या कानडी मित्रांना माझा निरोप सांगा की त्यांची बाजू ऐकायला मी तयार आहे, मात्र तारीख आम्हा दोघांच्याही हातात नाही.

कारवारी_माणूस

निरोप पोचवतो. त्यांचेही म्हणणे साधारण असेच आहे, फक्त त्यांच्या यादीत १ नोव्हेंबर हा सणाचा दिवस आहे.